विषय: शुक्रवारचं पालक-स्वागत, तिळगूळ चालणार नाही (तातडीचं)

प्रेषक: अनघा (शनिवार-शाळा)
मंगळवार, रात्री ९:१०

मंडळी,

इथे सिडनीत ज्या शाळेत आपली शनिवार-शाळा भरते, तिथल्या प्रिन्सिपलबाईंचा आज फोन होता. टर्मच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी, सकाळची घंटा झाली की कोलाखाली (पटांगणातल्या छपराखाली) पालकांचं स्वागत आहे. आपलं मराठी मंडळाचं टेबल हवंच आहे. त्या म्हणाल्या, किंडीत (किंडरगार्टन, शाळेच्या पहिल्या वर्षात) यंदा मराठी घरं बरीच आहेत, पण आईबाबा मुलाला फाटकाशी सोडतात आणि तसेच स्टेशन गाठतात. ऑफिसात यायला बिचकतात. मराठीत बोलणारं कुणी उभं असलं की थांबतात, हे त्यांनी गेल्या वेळी पाहिलंय.

आता मुद्दा. टेबलावर खाण्याचं जे ठेवू त्याची घटकांसह यादी येत्या सोमवारी ऑफिसात द्यायची आहे. शेंगदाणा नको, काजू-बदाम-पिस्ते नकोत आणि तीळही नकोत. तिळाचं त्यांनी दोनदा सांगितलं. कुणाच्या मुलाला ॲलर्जी आहे हे त्यांनी सांगितलं नाही, आपणही विचारायचं नाही.

तेव्हा तिळगूळ होणार नाही. त्याऐवजी काय, ते उद्या रात्रीपर्यंत कळवा.

जे येणार आहेत आणि ज्यांचं मूल त्या शाळेत नाही, त्यांनी आपला वर्किंग विथ चिल्ड्रन चेकचा (मुलांसोबत काम करणाऱ्यांच्या सरकारी पडताळणीचा) क्रमांक मला पाठवा, ऑफिसने मागितलाय. ज्यांनी काढलेला नाही त्यांनी आजच अर्ज करा. स्वयंसेवकांना तो फुकट मिळतो, पाच वर्षं चालतो.

अनघा

---

प्रेषक: शरद (पॅरामॅटा)
मंगळवार, रात्री १०:०२

अनघा,

तिळगूळ होणार नाही हे असं एका फोनवर ठरू नये. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हा हा योग येत नाही. इथे संक्रांत होते न होते तोच नवं वर्ष सुरू होतं. पहिल्या दिवशी नव्या मुलाच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोल म्हणायचं, याहून चांगलं स्वागत मला तरी माहीत नाही. इथे जन्मलेल्या मुलांना संक्रांत कळते ती एवढ्यातूनच.

लेबल लावू. वेगळ्या डब्यात, वेगळ्या टेबलावर ठेवू आणि फक्त मोठ्यांच्या हातात देऊ. शाळांनी एखाद्या पदार्थावर सरसकट बंदी घालू नये असं इथल्या ॲलर्जी-तज्ज्ञांचंच म्हणणं आहे. मेधाला विचारा.

शरद

---

प्रेषक: सुलभा
मंगळवार, रात्री १०:३१

शरदराव, यंदा त्या शुक्रवारच्या आधीच रथसप्तमी होऊन जाते. रथसप्तमीनंतर आमच्याकडे साताऱ्याला कुणी तिळगूळ वाटत नाही. हळदीकुंकूसुद्धा तोवरच. त्यामुळे एरवीही दिला नसता.

सुलभा

---

प्रेषक: शरद (पॅरामॅटा)
मंगळवार, रात्री १०:४४

सुलभाताई, परदेशात आपण गणपतीचा कार्यक्रमसुद्धा हॉल मिळेल त्या शनिवारी करतो. तिथीचा आग्रह फक्त तिळगुळाला का?

---

प्रेषक: नितीन (खाद्य समिती)
बुधवार, सकाळी ७:१५

नमस्कार,

हे आधी खाद्य समितीला कळायला हवं होतं. मंडळाच्या नावाने जो घास कुणाच्या तोंडात जातो त्याची जबाबदारी आमच्यावर आहे. शाळा समितीने पदार्थ ठरवायचा आणि आम्ही फक्त डबे भरायचे, अशी पद्धत दिवाळीतही नव्हती. यादी ऑफिसात जाण्याआधी माझ्याकडे येऊ दे.

माझा प्रस्ताव चुरमुऱ्याच्या लाडवांचा आहे. चुरमुरे आणि गूळ, तिसरं काही नाही. दूध, गहू, अंडं यातलंही काही नाही. वळताना हाताला तुपाऐवजी पाणी लावायचं. आदल्या रात्री क्वेकर्स हिलला आमच्याकडे जमू. रव्याचे किंवा बेसनाचे लाडू कुणी सुचवू नयेत, त्यात काजू-बेदाणे नाही घातले तरी तूप आहेच.

हलवा हवा असेल तर तो साबुदाण्यावरही होतो. माझी आजी खसखशीवर करायची. काट्यासाठी तीळच लागतात असं नाही.

नितीन

---

प्रेषक: गौरी
बुधवार, सकाळी ११:५०

नितीनदादा,

चुरमुऱ्यांचं मीही मनात धरलं होतं. काल आपल्या नेहमीच्या दुकानात पाकिटं उलटून पाहिली. चुरमुरे, पोहे, फुटाणे सगळं एकाच ठिकाणी भरलं जातं, आणि जवळजवळ प्रत्येक पाकिटावर शेंगदाणा व तीळ असू शकतात अशी ओळ आहे. एका पाकिटावर नव्हती, पण ती ओळ छापणं इथे ऐच्छिक असतं. पदार्थात घातलेला शेंगदाणा किंवा तीळ लिहिण्याची सक्ती आहे, गिरणीत किंवा यंत्रात चुकून मिसळलेल्याची नाही. त्यामुळे ओळ नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

माझ्या मुलाच्या, अर्णवच्या ॲलर्जीचं तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी लिहिते. एका घरगुती समारंभात मी विचारलं होतं, उसळीत दाणे किंवा तीळ आहेत का? "नाहीत" असं सांगितलं गेलं. खोटं नव्हतं ते, त्यांनी खरंच घातले नव्हते. पण उसळीला गोडा मसाला होता, आणि गोड्या मसाल्यात तीळ भाजून कुटलेले असतात हे त्या वेळी ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या. दोन घासांत ओठ सुजले, मग खोकला, मग आवाज बसला. मांडीत एपिपेन (ॲड्रेनलिनचं तातडीचं इंजेक्शन) दिलं, ट्रिपल झीरोला (आणीबाणीच्या नंबरला) फोन केला, रात्र वेस्टमीडच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये काढली.

तेव्हापासून तो मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला स्वतःचा डबा घेऊन येतो आणि माझ्या शेजारी बसून खातो. शरदकाका, तुमचं वेगळं टेबल, वेगळा डबा मी समजू शकते. पण पाच वर्षांचं मूल तिळगूळ खाऊन त्याच हातांनी घसरगुंडी धरतं. आणि ज्या आईबापांना बाई या टेबलाशी बोलावताहेत त्यांच्यापैकीच एकाला आपण "तुमच्या मुलाला इथलं नको" असं सांगणार. शाळेच्या सुरुवातीलाच.

गौरी

---

प्रेषक: मेधा
बुधवार, दुपारी १:२०

शरदकाकांनी नाव घेतलं म्हणून लिहिते.

काकांचं बरोबर आहे. शाळेत एखादा पदार्थ कायमचा बंद करण्याची शिफारस इथले तज्ज्ञ करत नाहीत, कारण बंदी घातली की सगळे निष्काळजी होतात. पण तो सल्ला मुलं घरून आणतात त्या डब्याबद्दल आहे. त्याच सल्ल्यात मुलांनी एकमेकांचं खाऊ नये, आणि शाळेच्या कार्यक्रमात खाण्याचं आधी ठरवून, पालकांना विचारून ठेवावं असंही आहे. बाईंनी यादी मागितली ती त्याला धरूनच.

मेलबर्नमध्ये वर्षाच्या आसपासच्या हजारो बाळांची त्वचेवर चाचणी झाली होती, आणि जिथे शंका आली त्यांना प्रत्यक्ष थोडं थोडं खाऊ घालून तपासलं होतं. शेंगदाण्याची ॲलर्जी शंभरात साधारण ३ जणांना निघाली, तिळाची १ पेक्षा थोडी कमी. व्हिक्टोरियात शाळेत दाखल होणाऱ्या मुलांची पाहणी झाली, तिच्यात असं दिसलं की आशियात जन्मून इथे आलेल्या मुलांपेक्षा इथेच जन्मलेल्या आशियाई घरांतल्या मुलांना सुक्या मेव्याची आणि दाण्यांची ॲलर्जी जास्त आहे. "आमच्यात हे कुणाला नसतं" असं दवाखान्यात मला मराठी पालक अजूनही सांगतात. आजोबांना नव्हतं हे खरं असेल, पण इथे वाढणाऱ्या नातवाला असू शकतं.

म्हणून माझी विनंती: टेबलावर कुणीतरी एवढं सांगायला असू दे की, मुलाला काही होत असेल तर डॉक्टरांनी सही केलेला ॲक्शन प्लॅन (ॲलर्जी उठली तर काय करायचं तो कागद) आणि औषध ऑफिसात नेऊन द्या. प्लॅन लाल रंगाचा असेल तर एपिपेनसारखं औषध लिहून दिलेलं असतं, ते शाळेत हवंच. नुसतं वर्गशिक्षिकेच्या कानावर घालून भागत नाही.

साबुदाण्याचा हलवा घरी केला तरी कढई, झारा, हात आपलेच. दाण्याचं कूट ज्या घरात रोज होतं त्या घरातून मी काही पाठवणार नाही.

मेधा

---

प्रेषक: प्रज्ञा
बुधवार, दुपारी ३:०५

नमस्कार, आम्ही नोव्हेंबरमध्येच नाशिकहून आलो, टूंगॅबीला राहतो. लिस्टवर पहिल्यांदाच लिहिते आहे. माझी मुलगी जूनमध्ये पाच पूर्ण करेल. तिला याच वर्षी किंडीत घातलंय. शेजारच्या बाई म्हणाल्या, एक वर्ष थांबायचं होतं. चुकलं का? आणि बाईंच्या पत्रात हॅटबद्दल तीनदा लिहिलंय, एवढं काय असतं?

शुक्रवारी मी येईन. मी सध्या घरीच आहे.

---

प्रेषक: सुलभा
बुधवार, दुपारी ३:४०

प्रज्ञा, काही चुकलं नाही. ३१ जुलैपर्यंत पाच पूर्ण होत असतील तर त्या वर्षी घालता येतं, सहाव्या वाढदिवसापर्यंत मात्र शाळेत असायलाच हवं. मधल्या मुलांचं घरोघर वेगळं ठरतं. माझ्या धाकट्याला मी मेचा असून घातलं, छान रमला.

हॅट विसरली तर मधल्या सुट्टीत सावलीतच बसवतात, खेळू देत नाहीत. नाव घालून दे, नाहीतर हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत जाते आणि तिथल्या सगळ्या सारख्याच दिसतात. बसने जाणार असाल तर स्कूल ओपल कार्डासाठी (शाळेच्या मोफत प्रवासाचं कार्ड) अर्ज कर. किंडी ते दुसरीपर्यंत घर किती लांब आहे हे बघत नाहीत. तिसरीपासून अंतर मोजतात.

लसीकरणाचा दाखला दिलायस ना? भारतातला कागद चालत नाही. जीपीकडून (फॅमिली डॉक्टरांकडून) इथल्या नोंदवहीत चढवून घ्यावा लागतो.

सुलभा

---

प्रेषक: नितीन (खाद्य समिती)
बुधवार, संध्याकाळी ६:२०

मेधाताईंचा हलव्याबद्दलचा मुद्दा मान्य. आमच्याही घरी कूट रोज होतं. मग घरी केलेलं काहीच नको. फळं ठेवू. फेब्रुवारीत कलिंगड उत्तम मिळतं. द्राक्षं नकोत, लहान मुलांसाठी प्रत्येक द्राक्ष उभं चिरावं लागतं. कलिंगड कापायची सुरी आणि पाट नवे आणू, घरचे नाही.

पण फळं आणायचं काम खाद्य समितीचं. हे लिहून ठेवा.

---

प्रेषक: शरद (पॅरामॅटा)
बुधवार, संध्याकाळी ७:०५

गौरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. शुक्रवारी तीळ नकोत.

पण कलिंगड तर पी अँड सीसुद्धा (शाळेची पालक-संघटना) ठेवते, सॉसेज सिझलच्या (भाजलेल्या सॉसेजच्या टेबलाच्या) बाजूला. मग मराठी मंडळाचं टेबल म्हणून तिथं काय असणार? नुसता बॅनर? मूल घरी जाऊन आजीला फोनवर काय सांगणार? याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. तिळगूळ शनिवारी आपल्या वर्गात तरी द्यायचा का?

---

प्रेषक: अनघा (शनिवार-शाळा)
बुधवार, संध्याकाळी ७:३०

काका, शनिवारी आपण किंडीच्याच खोल्या वापरतो. तीच टेबलं, सोमवारी तीच मुलं. तेव्हा तिथेही नाही. करारात फर्निचर आणि फळा होता तसा ठेवण्याची अट आहे, आणि खोल्या मिळताहेत त्या बाईंचा आपल्यावर विश्वास आहे म्हणून. हळदीकुंकू हॉलमध्ये आहे, तिथे हवा तेवढा तिळगूळ द्या, गौरीला आधी सांगून.

---

प्रेषक: रोहिणी
बुधवार, रात्री ९:१५

आई सध्या आमच्याकडे आहे. मी सगळं तिला वाचून दाखवलं, आता ती सांगतेय तसं लिहिते.

"मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायचे, यवतमाळ जिल्ह्यात. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडायच्या. शेवटच्या काही वर्षांत आम्ही पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव करायचो. दाराला तोरण, नव्या मुलाला फूल आणि नवी पुस्तकं. आणि एक करायचो. परातीत कुंकवाचं पाणी घ्यायचं, मुलाचे पाय त्यात बुडवून कोऱ्या कागदावर उमटवायचे, खाली नाव आणि तारीख. कागद आईच्या हातात द्यायचा. ज्या बायका एरवी शाळेच्या पायरीवर यायच्या नाहीत त्या तो कागद वाळेपर्यंत थांबायच्या. तेवढ्यात त्यांच्याशी बोलणं व्हायचं. हजेरी, दाखला, मुलाचं दुखणंखुपणं, सगळं त्या वेळात कळायचं. गोड काय दिलं होतं ते पुढे कुणाला आठवायचं नाही. कागद मात्र घरात लावलेला असायचा. मी घरोघर जायचे तेव्हा पाहिलेत."

आई यायला तयार आहे. तिच्याकडे व्हिजिटर व्हिसा आहे, चेकचं काय करायचं?

रोहिणी

---

प्रेषक: गौरी
बुधवार, रात्री ९:३८

काकू, फार छान. पायांऐवजी हात चालतील का? बूट-मोजे काढले की किंडीच्या मुलांना ते परत चढवता येत नाहीत, आणि घंटेनंतर बाईंकडे वेळ थोडा असतो. कुंकू गणवेशावरून निघत नाही, त्याऐवजी धुवून जाणारा लाल रंग मी आणते. रंगाच्या बाटलीवरचे घटकही वाचून घेईन.

---

प्रेषक: शरद (पॅरामॅटा)
बुधवार, रात्री ९:५५

रोहिणी, आईंना नमस्कार सांग. पाय हवेत. हात काय, बालवाडीत सगळेच उमटवतात. बूट चढवायला मी बसतो, मला गुडघ्यांचा त्रास नाही. जाड कागद मी आणतो. वर "स्वागत" लिहून देतो, खाली मुलाचं नाव देवनागरीत. इतर मुलं आली तर त्यांचीही नावं देवनागरीत लिहू, त्यांना आवडतं.

---

प्रेषक: सुलभा
बुधवार, रात्री १०:१०

पायांना माझाही पाठिंबा. पुसायला जुने टॉवेल मी आणते. परात कुणाकडे आहे? माझी भारतात राहिली.

---

प्रेषक: अनघा (शनिवार-शाळा)
गुरुवार, सकाळी ८:०५

मंडळी, बाईंशी आत्ताच बोलले. त्यांना कल्पना फार आवडली. पाऊल उमटवण्याला हो, पण कोलाच्या कडेला, नळाजवळ, आणि खाली प्लास्टिक अंथरून. सुरुवातीला त्या धरुग (इथल्या मूळ रहिवाशांच्या) भूमीचं स्मरण करतील, मग दोन शब्द बोलतील. तोवर परातीत पाणी ओतू नका, मुलं तिकडेच पाहत बसतात.

रोहिणी, आईंचं त्यांनाच विचारलं. रंगाजवळ प्रत्येक मुलासोबत त्याचे पालक असतील, काकूंनी फक्त रजिस्टरमध्ये सही करून व्हिजिटरचा बिल्ला लावायचा.

कलिंगड खाद्य समिती आणेल, यादीत एवढी एकच वस्तू जाईल. रंग गौरी. कागद आणि बूट शरदकाका. टॉवेल सुलभाताई. मेधा, तुझ्या मजकुराचं एक पान मराठीत कर, मी छापून आणते. प्रज्ञा, तू फाटकाशी उभी राहशील का? तू स्वतः नवीन आहेस, तुझ्याशी ते जास्त मोकळेपणाने बोलतील.

गाड्यांचं: साडेनऊपर्यंत शाळेसमोर चाळीसचा वेग आहे, कॅमेरा आहे. किस अँड ड्रॉपमध्ये (मुलांना पटकन उतरवायच्या जागेत) सामान उतरवू नका, तिथे चालकाने गाडीतून उतरायचंच नसतं. मागच्या रस्त्याने या, सफाईवाले काका फाटक उघडतील.

परात अजून मिळालेली नाही. स्टीलची, दोन पाय मावतील एवढी मोठी. ज्यांच्याकडे असेल त्यांनी मला थेट फोन करा.

अनघा