शिक्षकाची सरकारी नोकरी : कायम असते ते पद की माणूस?

मागचा बाक (धागाकर्ता)

माझी भाची यंदा अध्यापनाचा अभ्यासक्रम पूर्ण करते आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. सरकारी शाळेत एकदा चिकटली की जन्माची ददात मिटली, असे एका बाजूचे म्हणणे. ही नोकरी आता पूर्वीची राहिलेली नाही, असे दुसऱ्या बाजूचे. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे.

कारखान्याची मागणी एका रात्रीत आटू शकते, पण पहिलीच्या वर्गात किती मुले बसणार हे जन्मनोंदींवरून पाच-सहा वर्षे आधीच कळते, आणि शिक्षण सक्तीचे असल्यामुळे त्या मुलांना शिकवणारा माणूस नेमण्यावाचून कोणत्याही सरकारला गत्यंतर नसते. इतक्या आगाऊ सूचनेने दुसऱ्या कोणत्या क्षेत्रात मंदी येते? शिवाय युनेस्कोच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागणार आहेत. नोकरीला असलेले कायद्याचे संरक्षणही जुने आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९०९ मध्येच शिक्षकांना कायमपणाचा हक्क दिला, आणि सत्ता बदलली की शिक्षक बदलायचे या तेव्हाच्या रिवाजाला त्यातून आळा बसला. विरुद्ध मत असलेल्यांनी जरूर लिहावे.

त्रैराशिक

आपण दिलेला आकडा बरोबर आहे, पण त्याची फोड केल्याशिवाय तो भाचीच्या कामाचा नाही. त्यातले सुमारे दीड कोटी शिक्षक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत लागणार आहेत, आणि एकूण संख्येपैकी निम्म्याहून अधिक जागा नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या आहेत. प्राथमिक शिक्षकांमधील गळतीचे जागतिक प्रमाण २०१५ मध्ये ४.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ९ टक्क्यांवर गेले, हेही युनेस्कोनेच सांगितले आहे. ज्या नोकरीतून माणसे दुप्पट वेगाने बाहेर पडत आहेत तिला आदर्श म्हणताना थोडे थांबावे. शिवाय गरज असणे आणि पद मंजूर होणे या दोहोंच्या मधे अर्थसंकल्प उभा असतो.

आगाऊ सूचनेबद्दल बोलायचे तर दक्षिण कोरियाचे उदाहरण पाहा. तेथील जन्मदर वर्षानुवर्षे घसरत होता, सर्वांना दिसत होता. तरीही सोलमध्ये प्राथमिक शिक्षकांच्या ८४६ जागांची भरती झाल्यावर पुढच्या, म्हणजे २०१८ च्या भरतीसाठी २०१७ मध्ये १०५ जागा जाहीर झाल्या. उमेदवार रस्त्यावर उतरले, तेव्हा ती संख्या ३८५ पर्यंत वाढली. म्हणजे सूचना खात्याला मिळाली होती. चार वर्षांपूर्वी अध्यापन महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या मुलीला ती कोणी दिली? आत असलेल्यांच्या नोकऱ्या शाबूत राहिल्या, दार मात्र लागले. आपली भाची अजून दाराबाहेर आहे.

आणि आत गेल्यावरही पहिली काही वर्षे कठीणच. कॅलिफोर्नियात कपात होणार असेल तर १५ मार्चपर्यंत प्राथमिक नोटीस द्यावी लागते आणि १५ मेपर्यंत अंतिम. कपातीचा क्रम मुख्यतः सेवाज्येष्ठतेने ठरत असल्यामुळे कागद नव्या शिक्षकाच्या हाती आधी पडतो. पुष्कळ नोटिसा पुढे मागे घेतल्या जातात हे खरे, पण ते दोन महिने तो शिक्षक वर्गात कोणत्या मनाने उभा राहत असेल?

पेन्सिल

मी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर आणि कंत्राटी पद्धतीने शिकवले, म्हणून कायमपणाची गोष्ट मला निराळ्या बाजूने माहीत आहे. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर कायम शिक्षकांची नावे शाईने असत आणि आम्हा तिघांची पेन्सिलीने. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. सत्र संपल्यावर खाडाखोड नको, एवढाच लिपिकाचा हिशेब होता. वर्ग तोच, पुस्तक तेच, उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही तेवढाच; फक्त सुट्टी लागली की माझा पगार थांबत असे आणि शाळा उघडताना नवे नेमणूकपत्र येईल की नाही याची वाट पाहावी लागे.

हे माझ्या एकटीचे रडगाणे समजू नये. जर्मनीच्या काही राज्यांत मुदतीच्या करारावरील शिक्षकांचे करार उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर संपवण्याची पद्धत होती. इटलीत तर अशा तात्पुरत्या नेमणुकांची साखळी इतकी लांबली, की प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये न्यायालयाने ती पद्धत संघाच्या नियमांशी विसंगत ठरवली. 'सरकारी शिक्षक' या एकाच शब्दाखाली दोन निरनिराळ्या नोकऱ्या नांदतात. भाचीला त्यांतली कोणती मिळणार आहे, हे आधी विचारावे.

सावकाश

एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झालो आहे, तेव्हा माझे मत एकांगी असण्याची शक्यता धरूनच वाचावे.

पेन्सिलताई, आपला अनुभव वाचून वाईट वाटले. परंतु कायम पद असताना माणसाला कायम न करण्याविरुद्धचा तो पुरावा आहे; कायम नोकरीवर त्याचा ठपका कसा येईल? त्रैराशिक यांना सेवाज्येष्ठतेचा नियम खुपतो. तो खुपण्यासारखा आहेही, कारण त्यात चांगला तरुण शिक्षक जातो आणि कंटाळलेला ज्येष्ठ राहतो. पण त्याच्या जागी काय आणायचे? मुख्याध्यापकाची मर्जी? कॅलिफोर्नियातच या नियमांविरुद्ध विद्यार्थ्यांच्या नावाने खटला झाला. २०१४ मध्ये खालच्या न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. कोणता शिक्षक कोणत्या मुलांच्या वाट्याला येतो हे कायदा ठरवत नाही, प्रशासन ठरवते, असे त्या न्यायालयाने म्हटले. मला ते पटते.

कायमपणाचा खरा उपयोग पगारापुरता नसतो. एका वजनदार गृहस्थांच्या मुलाला मी नापास केले होते. त्यानंतर दोन आठवडे निरनिराळ्या माणसांमार्फत निरोप येत राहिले, आणि मी गुणपत्रिकेला हात लावला नाही. माझी नोकरी वर्षाच्या कराराची असती तर मी तेवढाच ताठ राहिलो असतो का, याची मला आजही खात्री देता येत नाही.

उत्तरपत्रिका

सगळी चर्चा नोकरी टिकण्याभोवती फिरते आहे. नोकरीत पुढे काय, हा प्रश्न बाजूला पडला आहे. पंचविसाव्या वर्षी जो तास घ्यायचा तोच पंचावन्नाव्या वर्षी, आणि वर चढायचे तर वर्ग सोडून कार्यालयात बसायचे, अशी बहुतेक ठिकाणची रचना आहे. उत्तम शिकवणाऱ्याला बक्षीस म्हणून शिकवण्यापासून दूर करायचे, हा प्रकार मला नेहमीच विनोदी वाटत आला आहे. सिंगापूरने २००१ मध्ये शिक्षकांसाठी अध्यापन, नेतृत्व आणि विषयतज्ज्ञ अशा तीन वाटा आखल्या. त्यांतल्या पहिल्या वाटेने शिक्षक वर्गात राहूनही वरच्या श्रेणीला जाऊ शकतो. असे अपवाद थोडे.

नुसत्या शाश्वतीने माणसे येत नाहीत हे जपानवरून दिसते. तेथील सरकारी शिक्षकाची नोकरी पक्की आहे. तरीही प्राथमिक शाळांच्या भरतीत २००० मध्ये एका जागेमागे साडेबारा उमेदवार होते, ते २०२३ मध्ये २.३ वर आले. निवृत्तांच्या जागा भरण्यासाठी भरती वाढली हे त्याचे एक कारण, पण कामाचे तास हेही आहेच. १९७१ च्या कायद्याने जादा कामाच्या मोबदल्याऐवजी पगाराच्या ४ टक्के रक्कम सरसकट ठरवून दिली आणि मग कितीही वेळ थांबा, भत्ता तेवढाच. ती रक्कम टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरायला २०२५ उजाडले.

मागचा बाक

पदोन्नतीचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता, हे कबूल करतो. तरीही एकदा कायम झालेल्याला धक्का लागत नाही, या माझ्या मूळ विधानावर मी ठाम आहे.

त्रैराशिक

तेही तपासून घ्यावे. १ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. वीस-वीस वर्षे शिकवलेली माणसे पुन्हा परीक्षार्थी झाली. कायम होतेच की ते.

सावकाश

पात्रता मागणे म्हणजे अस्थैर्य नव्हे. डॉक्टरने अद्ययावत असावे असे आपल्याला वाटते, मग शिक्षकाने का नसावे? मुदत अपुरी आहे, असे म्हणा. ते मी मान्य करीन.

पेन्सिल

मागचा बाक, भाचीसाठी एकच सुचवते. नेमणूकपत्र हाती आले की पगाराचा आकडा नंतर वाचावा. नेमणूक मंजूर रिक्त पदावर आहे, की तेथे 'पुढील आदेशापर्यंत' असे शब्द आहेत, हे आधी पाहावे.

सावकाश

माझ्या पहिल्या पत्रातही 'पुढील आदेशापर्यंत' असेच होते. तो आदेश एकतीस वर्षांत आला नाही.

पेन्सिल

मला तो दर वर्षी येत असे, सर.