चौथीनंतर गिम्नाझियम मिळत नाहीये, तातडीने मदत हवी आहे (जर्मनी)

इसारकाठ
मुलगा चौथीत आहे. काल शाळेतून गुणांचा मधला कागद आला (इथे १ सर्वांत चांगला, ६ सर्वांत वाईट). सरासरी २.६६. गिम्नाझियमसाठी (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) २.३३ किंवा त्याहून कमी लागते, म्हणजे आत्ताच्या हिशोबाने त्याला रेआलशुलेला (दहावीपर्यंतची शाळा) जावं लागणार. गणितात तो वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे. इंग्रजी उत्तम आहे, पण ते सरासरीत धरतच नाहीत. मे महिन्यात पक्का दाखला मिळेल, त्याआधी काय करता येईल? शिक्षिकांना भेटायचं आहे, पण जाऊन बोलू काय? नवरा म्हणतो खाजगी शाळा बघू. दोन रात्री झोप नाही. कोणी यातून गेलं असेल तर कृपया लवकर सांगा.

डॉर्टमुंडकर
ताई, काळजी करू नका. शाळेची शिफारस हा नुसता सल्ला असतो, शेवटी आईवडीलच ठरवतात. आमच्या मुलीला रेआलशुलेची शिफारस होती. आम्ही सरळ गिम्नाझियममध्ये नाव घातलं, आज ती आठवीत आहे. अर्ज भरून मोकळे व्हा.

रानजाई
डॉर्टमुंडकर, तुमचं राज्य वेगळं. २.३३ म्हणतायत म्हणजे ताई बहुतेक बायर्न (बव्हेरिया) राज्यात आहेत, तिथे हे चालत नाही. इसारकाठ, आधी राज्य सांगा. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. १६ राज्यं, १६ शिक्षणमंत्री. त्यांची मिळून एक परिषद १९४८ पासून आहे. आबिटुर (गिम्नाझियमची शेवटची परीक्षा) सगळीकडे मान्य व्हावी वगैरे गोष्टी ती जुळवून घेते, पण चौथीनंतर कोण कुठे जाणार हे प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं. बर्लिनमध्ये तर प्राथमिक शाळाच सहावीपर्यंत असते.

इसारकाठ
हो, बायर्न. म्युनिकजवळ. सगळीकडे असंच असेल असं वाटलं म्हणून लिहिलं नाही.

साताऱ्याचे अण्णा
नऊ-दहा वर्षांच्या पोराचं भवितव्य चौथीत ठरवायचं, हे मला पटतच नाही. आपल्याकडे दहावीपर्यंत सगळी पोरं एका बाकावर बसतात. माझा एक मित्र सातवीपर्यंत कसाबसा पास होत होता, पुढे तो पाटबंधारे खात्यात अभियंता झाला. मुलं उशिरा फुलतात. तुम्ही त्याला इकडे आणा, आजी-आजोबांकडे ठेवा, बारावी करून पुन्हा पाठवा.

रानजाई
अण्णा, उशिरा फुलण्याबद्दल तुमचं म्हणणं मनापासून पटतं. इथेही अनेक जण हेच म्हणतात, म्हणून काही राज्यांत गेझाम्टशुले आहेत, तिथे सगळे एकत्र शिकतात. पण बारावी करून परत येणं सोपं नाही. नुसत्या बारावीवर इथल्या विद्यापीठात थेट प्रवेश मिळत नाही. भारतात पदवीचं एक वर्ष पूर्ण करावं लागतं, किंवा जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हावं लागतं. इथे आबिटुर झालेल्याला हे काहीच करावं लागत नाही.

चकली_भाजणी
माझ्या भाच्याचं इंजिनिअरिंग पूर्ण झालंय, त्याला एमएस साठी जर्मनीला यायचंय. एपीएस प्रमाणपत्र (भारतीय कागदपत्रं तपासून मिळणारं) खरंच लागतं का? आणि फी नसते ना?

डॉर्टमुंडकर
लागतं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे, व्हिसाच्या आधी काढावं लागतं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून सुरू केली, ती २,००० ते ६,००० च्या दरम्यान.

रेषा_अक्षर
भाच्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे एक आई काळजीत आहे.
इसारकाठ, रेआलशुले म्हणजे काही वाईट नाही हो. माझी मुलगी रेआलशुलेतच होती. दहावी झाली, जर्मन-गणित-इंग्रजीची सरासरी ३.५ च्या आत होती, म्हणून एफओएसला (दहावीनंतरची अकरावी-बारावीची शाळा) गेली. बारावीत फाखआबिटुर (होखशुलेच्या प्रवेशाची परीक्षा), मग उपयोजित विज्ञानाच्या होखशुलेत, म्हणजे कॉलेजात, मेकॅट्रॉनिक्स. आज नोकरी करते. सहावी-सातवीत तिच्या गिम्नाझियमवाल्या मैत्रिणी लॅटिन घोकत रडायच्या, ही मजेत सायकल चालवायची. मुलाला श्वास घेऊ द्या.

पिंपळपान
रेषाताई, तुमच्या मुलीचं छानच झालं. पण प्रत्येक वेळी 'मागचं दार आहे' म्हणून समाधान मानायचं का? आपल्या मुलांना भाषेमुळे खाली ढकलतात, मग आपणच त्यांची समजूत घालतो. ज्या मुलाला गणित इतकं येतं त्याला त्याच्या जागी बसायला मिळालं पाहिजे.

रेषा_अक्षर
मी ढकला म्हटलं नाही. त्याला मागचं दार म्हणू नका एवढंच म्हणते. मिटेलशुलेतून (रेआलशुलेच्याही खालची मानली जाणारी शाळा) शिकाऊ उमेदवारी करून पुढे माइस्टर (परीक्षा दिलेले उस्ताद कारागीर) झालेली माणसंसुद्धा २००९ च्या निर्णयानंतर आबिटुरशिवाय विद्यापीठात जाऊ शकतात. वाटा खूप आहेत.

पिंपळपान
वाटा आहेत, पण चालावं मुलाला लागतं. दोन-तीन वर्षं जास्तीची.

कोकणकडा
आमचे दोघेही इंटरनॅशनल शाळेत आहेत. ही सरासरी, हे दाखले, काहीही नाही. सरळ इंग्रजीत आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम). परवडत असेल तर दुसरा विचारच करू नका.

इसारकाठ
चौकशी केली होती. वर्षाला २०,००० युरोंच्या वर सांगतात. एका पगारात नाही जमणार.

दुपारची_ताई
मी म्युनिकमध्ये एका प्राथमिक शाळेत दुपारच्या वर्गाला मुलं सांभाळते. दरवर्षी जानेवारी ते मे हेच बघते. इसारकाठ, तिन्ही विषयांचे गुण वेगवेगळे द्या. आणि मुलगा इथल्या शाळेत कोणत्या वर्गापासून आहे?

इसारकाठ
जर्मन ४, गणित १, एचएसयू ३. (एचएसयू म्हणजे परिसर अभ्यास.) आम्ही पुण्याहून आलो तेव्हा तो दुसरीत बसला. पण आता बोलतो छान, म्हणून ते लिहिलं नाही.

दुपारची_ताई
अहो, हेच तर महत्त्वाचं आहे! बायर्नच्या प्राथमिक शाळांच्या नियमांतच आहे. ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जो पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हता, त्याची सरासरी ३.३३ पर्यंत असली तरी शाळा त्याला गिम्नाझियमसाठी योग्य ठरवू शकते. अट एकच: गुण जर्मन भाषेमुळे कमी पडलेले असावेत आणि ती उणीव भरून निघेल असं शाळेला वाटावं. तुमचा मुलगा दुसरीत आला आणि सरासरी २.६६. सरळ सरळ त्यात बसतो.
पण हे आपोआप मिळत नाही. 'ठरवू शकते' असं आहे, 'ठरवेल' असं नाही. म्हणून मे उजाडेपर्यंत थांबू नका, आत्ता भेटा.

रानजाई
+१. मला बायर्नचा हा नियम माहीत नव्हता. धन्यवाद ताई.

इसारकाठ
डोळ्यांत पाणी आलं वाचून. पालकसभेत याबद्दल एक शब्द निघाला नव्हता. गुण भाषेमुळे गेले हे दाखवायचं कसं? एचएसयूचं सांगते. पाण्याच्या चक्राची चाचणी होती. चित्र अगदी बरोबर काढलं, बाण बरोबर, ढग, डोंगर, नदी, सगळं. आणि बाणाशेजारी जर्मनमध्ये लिहिलं, 'पाणी गरम होऊन वर जातं'. तिथे 'फेरडुन्स्टुंग' (बाष्पीभवन) हा शब्द हवा होता. बाणाचा गुण गेला. खालच्या दोन वाक्यांत डेर-डी-डास (नामाआधीचे लिंगदर्शक शब्द) चुकलं म्हणून लाल रेघा. घरी मला म्हणाला, आई, मला माहीत होतं गं, नुसता शब्द माहीत नव्हता.

दुपारची_ताई
तो कागदच घेऊन जा. गणिताच्या चाचण्याही न्या, आणि त्यातली शब्दांची उदाहरणं त्याने कशी सोडवली ते दाखवा. रागावून बोलू नका. बहुतेक शिक्षिकांना मुलाला पुढे जाऊ द्यायचंच असतं.
तरी नाही झालं तर मे महिन्यात गिम्नाझियममध्येच तीन दिवसांचा प्रोबेउंटरिख्ट (चाचणी वर्ग) असतो, जर्मन आणि गणिताचा. एकात ३ आणि दुसऱ्यात ४ मिळाले की पास. दोन्हीत ४ आले तरी तुम्ही म्हणालात तर प्रवेश होतो. गणितात १ असणाऱ्या मुलाने घाबरायचं कारण नाही. तिथेही हुकलं तर रेआलशुलेची पाचवी झाल्यावर जर्मन-गणिताची सरासरी २.५ असली की गिम्नाझियमच्या पाचवीत बसता येतं. एक वर्ष जातं, पण इथे त्याचं कोणी काही मानत नाही.

डॉर्टमुंडकर
माझा पहिला प्रतिसाद बाद समजा. इकडचं तिकडे लागू होईल असं वाटलं होतं.

साताऱ्याचे अण्णा
पोरगं हुशार आहे. त्याला घरी मराठीतच बोलू द्या, जर्मन यावं म्हणून मराठी तोडू नका. माझ्या नातवाचं तसं झालं, आता फोनवर नुसता हसतो.

पिंपळपान
अण्णा, याला मात्र शंभर टक्के अनुमोदन.

इसारकाठ
आज भेटून आले. शिक्षिकांना नियम माहीत होता, पण मुलगा दुसरीत आला होता हे त्यांच्या लक्षात नव्हतं. त्यांनी हा वर्ग तिसरीपासून घेतलाय. फाइल काढली, दाखल झाल्याची तारीख बघितली आणि वहीत टिपून घेतली. शिक्षकांच्या बैठकीत विषय मांडते म्हणाल्या. वचन काही दिलं नाही. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून घ्या आणि एचएसयूचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजवर लावा असं सांगितलं. पहिली चिठ्ठी त्यानेच लिहिली, फेरडुन्स्टुंग. खाली मराठीत 'पाण्याची वाफ'. दुपारची_ताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी हे बोललेच नसते.

नवी_पाटी
माझी मुलगी तिसरीत आहे, न्युर्नबर्गला. ती पहिलीच्या मध्यावर, फेब्रुवारीत दाखल झाली. मग तिला 'पहिलीपासून' धरतात की नाही? दुपारची_ताई, याबद्दल काही माहीत आहे का?