मदत हवी आहे: ३९ व्या आठवड्यात औषधाने कळा आणाव्यात का?

पहिलीच खेप, परवा ३९ आठवडे पूर्ण. तारीख पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून पक्की. बीपी, शुगर, बाळाची वाढ, पाणी सगळं ठीक. डॉक्टर म्हणतात, थांबू नका, औषधाने कळा आणू, सिझरची शक्यता घटते. आधार म्हणून २०१८ चा अमेरिकेतला 'अराइव्ह' अभ्यास सांगितला.

तो वाचला. सुमारे ६,१०० पहिलटकरणी, औषधाने कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट पाहणाऱ्यांत २२.२. पण औषध फसलं असं ठरवण्याआधी तिथे पुरेसा वेळ देणं अपेक्षित होतं. इथे सिस्टर सहज बोलून गेल्या, 'संध्याकाळपर्यंत नाही झालं तर सिझर.' तिथेच अडलेय. गर्भाशयाचं तोंडही अजून बंद आहे.

डॉक्टर बदलायचे नाहीत, घरगुती उपाय नकोत. प्रसूतितज्ज्ञांनी सांगावं: इतक्या घाईत तो फायदा मला लागू होतो का, आणि होकार देण्याआधी डॉक्टरांना नेमकं काय विचारू?