चिनार लाल असताना श्रीनगर: तारखा, वाट, अनुभव सांगा

कॉलेज रोड
२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि मुलांची सुट्टी त्याच्याच आगेमागे. चिनार बघायला श्रीनगरला जायचं घाटतंय. कुणी म्हणतं ऑक्टोबरअखेर जा, कुणी म्हणतं भाऊबीज करून निघा. टूरवाल्यांची पत्रकं पाठ झाली, आता जाऊन आलेल्यांनी लिहा.

देवळाली कॅम्प
तोफखान्यातून निवृत्त. काही वर्षं श्रीनगरला पंधराव्या कोअरमध्ये होतो. तिला चिनार कोअरच म्हणतात, चिन्हातही तेच पान.

ताई, दिवाळी बाजूला ठेवा, झाडाचं वेळापत्रक धरा. ऑक्टोबरच्या शेवटी पानं पिवळी पडतात, मग तांबूस, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लालभडक. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री कडक थंडी असेल तर लाली चढते. ढगाळ गेलं तर रंग फिकाच राहतो. नंतर पाऊस-वारा झाला की सडा पडलाच म्हणून समजा. भाऊबीज करून निघालात तर झाडावर कमी, जमिनीवर जास्त बघाल. मला तेही आवडतं.

निशात बाग दुपारी तीननंतर बघा. बागेच्या पाठीशी पूर्वेला झबरवानचा डोंगर, त्यामुळे सकाळी ऊन उशिरा पोचतं. दुपारी मात्र ते दल सरोवरावरून सरळ पानांवर येतं. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून जहांगीरची शालिमार बाग आणि निशात एकाच दुपारी कोंबू नका. टूरवाले नेमकं हेच करतात.

पिंपळगाव बसवंत
लाल पानं तुम्ही बघा! आमच्या द्राक्षांची गोडी छाटणी ऑक्टोबरात. त्याआधी इथ्रेल मारून आम्हीच पानं गाळतो. नोव्हेंबरात डाऊनी रोगाच्या धास्तीने मळा सोडवत नाही. बायको मात्र बहिणीबरोबर जाऊन आली. तिला चिनारपेक्षा श्रीनगरजवळच्या पांपोरचं केशर भावलं. जांभळ्या फुलांची तोडणी ऑक्टोबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, म्हणजे दोन्ही एका फेरीत होतं. तोडणाऱ्या बाईला मजुरी काय पडते तेही विचारून आली. बागायतदाराच्या घरची ना!

नाशिकरोड
आम्ही रेल्वेने गेलो. झेलम एक्सप्रेस नाशिकरोडला येत नाही, मनमाड गाठावं लागतं. जम्मूला उतरून कटरा, आणि तिथून जून २०२५ मध्ये सुरू झालेली श्रीनगरची वंदे भारत. चिनाब पूल नदीपासून ३५९ मीटर उंच. पण गाडी इतक्या पटकन पार होते की मोबाईल काढेस्तोवर बोगदा येतो. म्हाताऱ्यांना हा प्रवास लांब पडेल, त्यांना मुंबईहून विमानानेच न्या.

इंदिरानगर
सासूबाईंना दमा आहे म्हणून हे मुद्दाम लिहितेय. तिकडे गळलेली पानं गोळा करून जाळतात आणि कांगडीसाठी, म्हणजे ऊब घ्यायच्या शेगडीसाठी, कोळसा करतात. संध्याकाळी धूर खाली बसतो. त्यांना दुपारीच फिरवून आणायचं आणि दिवे लागायच्या आत खोलीवर, असा नेम ठेवला. रात्री तापमान दोन-तीन अंशांवर येतं, तेव्हा हाऊसबोटीपेक्षा हीटरवालं हॉटेल बरं, असं माझं मत. नवऱ्याचं वेगळं आहे.

आणि हो, पहलगामच्या हल्ल्यानंतर घरचे नकोच म्हणत होते. तेव्हा बंद केलेली ठिकाणं टप्प्याटप्प्याने उघडली, म्हणून काय चालू आहे ते तिकिटं काढण्याआधी बघून घ्या.

सिडको
नसीम बागेचं कुणीच कसं लिहिलं नाही? हजरतबलजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात, मोगल काळापासूनचे चिनार शेकड्याने. कारंजी नाहीत, घोडेवाले नाहीत, पानांच्या सड्यातून पोरं वर्गात जात असतात. दल सरोवरातल्या चार चिनार बेटावर शिकाऱ्यातून जायला घासाघीस करावी लागते, इथे नुसतं चालायचं. एकच दिवस हाती असेल तर मी निशात सोडेन, हे नाही. काका रागावतील!

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या.