गणपती साउंड (सोसायटीचा ग्रुप): बेसला अँप्लिफायर (अँप) कोणता?

कुलकर्णी काकू (बी-२०१): सर्वांना नमस्कार. काल "टेस्टिंग"च्या नावाखाली आमच्या काचेच्या कपाटातल्या वाट्या सरकल्या. खाली विचारलं तर म्हणे आवाजाच्या मीटरवर ५९ डेसिबलच दाखवतोय. मग वाट्या काय फिरायला निघाल्या होत्या? आणि अँप तर म्हणे अजून यायचाच आहे!

ओंकार (ए-४०३): सॉरी काकू. कालचा अँप उसना आणलेला होता. ग्रुपसाठी माहिती: बेसचे चार डबे तयार. १८ एमएम प्लाय, १८ इंची ड्रायव्हर (आतला स्पीकर), प्रत्येकी ८ ओहम (विजेला अडथळा), ६०० वॅट आरएमएस (सलग पेलणारी पॉवर). अँपची दोन कोटेशन आलीत. "५००० वॅट" ₹२२,०००. दुसरा ४ ओहमला २×१२०० वॅट, म्हणजे दोन चॅनेल, प्रत्येकी १२००, ₹३९,०००. माझं मत पहिल्याला.

शिंदे, खजिनदार (सी-३०४): बजेट ₹४८,०००, वायर-जॅक धरून. पक्कं बिल पाहिजे.

तेजस (सी-५०१): त्या ५००० खाली काय छापलंय? किती ओहमला, दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना, सलग किती?

ओंकार: नुसतं "पीक" (क्षणभराचा उच्चांक) आहे. मागे फ्यूज ८ अँपिअरचा.

नेने काका (ए-१०२): २३० गुणिले ८ म्हणजे १८४०. सलग आत १८४० वॅट आणि बाहेर ५०००? महावितरणला कळवा, वीजटंचाई मिटली.

पाटील (बी-५०२): 😂😂 बरं, मांडवाची शिडी कोणाकडे आहे?

ओंकार: काका, पण अँप ड्रायव्हरच्या दुप्पट असावा ना? कमी वॅटचा घेतला की ड्रायव्हरची कॉइल जळते म्हणतात.

तेजस: कमी वॅटने नाही जळत. अँप दमला की क्लिप होतो, म्हणजे लाटेची टोकं कापली जाऊन ती चौकोनी होते आणि त्याच अँपमधून जवळपास दुप्पट सरासरी पॉवर जाते. क्लिपचा लाल दिवा सतत पेटता ठेवलात की १२०० चा अँपही ६०० चा ड्रायव्हर जाळेल. आता हिशोब बघ. ६०० वॅटला ८ ओहमवर लागतात ६९ व्होल्ट. १२०० वॅटला ४ ओहमवर, तेही ६९ व्होल्टच. एका चॅनेलवर दोन डबे पॅरलल, तंतोतंत जुळतंय. दुप्पट पॉवरने मिळणार फक्त ३ डेसिबल.

ओंकार: आणि ब्रिज केला, म्हणजे दोन्ही चॅनेल जोडून एक केला तर?

नेने काका: चारही डबे पॅरलल म्हणजे २ ओहम. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला त्याच्या निम्मा, १ ओहम दिसेल. आरतीच्या आधीच अँप प्रोटेक्टमध्ये जाऊन बंद. ब्रिजचं बटण दिसलं की दाबायचं नसतं रे.

शिंदे, खजिनदार: बजेट ₹४८,०००. पक्कं बिल पाहिजे.

कुलकर्णी काकू: माझ्या वाट्यांचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

तेजस: काकू, मीटर खोटा नाही, पण तो "ए" सेटिंगवर असतो. त्यात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबल कमी धरला जातो. खरा ८५ असेल तर हिशेबात ५५. काच मात्र ८५ नेच हलणार.

कुलकर्णी काकू: म्हणजे कायद्यात बसवून छळायचं. छान.

सी-१०३: मर्यादा ७५ आहे, उगाच घाबरवू नका.

नेने काका: आवाजाचा नियम नीट वाचा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. निवासी भागाला दिवसा ५५, म्हणजे ६५. खासगी जागेला ५ च जास्त, म्हणजे ६०. आपलं कंपाउंड खासगी आहे.

सी-१०३: रस्त्यावर डबल पार्किंग करताना नसतं का खासगी?

सचिव: कृपया विषयावर राहावे 🙏

पाटील: बाप्पाचे कान सुपाएवढे, त्यांना हळू लावलं तरी ऐकू येतं. शिडी?

तेजस: काकूंसाठी उपाय आहे, अँपही त्यावरच ठरेल. तीनच डबे एकावर एक लावायचे. वरचा-खालचा मैदानाकडे तोंड करून, मधला उलटा, बी विंगकडे. उलट्याची पोलॅरिटी (प्लस-मायनस) फिरवायची आणि डब्याच्या खोलीइतका डिले (उशीर) द्यायचा. ७५ सेंमीला २.२ मिलिसेकंद. मागे आवाज एकमेकांना खातो, पुढे जुळतो. पण मागे जवळ भिंत नको, निदान दीड मीटर मोकळं सोडा, नाहीतर परत येऊन सगळं बिघडवेल.

ओंकार: आणि चौथा डबा? महिनाभर रंधा मारलाय दादा.

तेजस: स्पेअर. उलट्याला स्वतंत्र चॅनेल लागतो. दोन चॅनेलच्या अँपवर चॅनेल ए ला पुढचे दोन (४ ओहम), चॅनेल बी ला उलटा एकटा (८ ओहम). व्होल्टेज सारखंच, म्हणून तिघांची पातळी सारखी, दोन्ही गेनही (पातळीची बटणं) सारखेच ठेवा. चौथाही पुढे तोंड करून लावायचा तर तिसरा चॅनेल, म्हणजे चार चॅनेलचा अँप लागेल.

शिंदे, खजिनदार: ४८,०००.

ओंकार: वाचलं हो काका. प्रोसेसर (बेस आणि वरचा आवाज वेगळा करणारा) मागच्या वर्षीचाच ना?

तेजस: हो, दोन इन सहा आउट पुरे. चारच आउट लागतील, दोन बेस दोन टॉप (वरच्या आवाजाचे स्पीकर). डबा ३८ हर्ट्झला ट्यून आहे, त्याखाली कोनला हवेचा आधार राहत नाही, नुसता फडफडतो आणि फाटतो. म्हणून ३५ हर्ट्झला हाय पास (त्याखालचं कापायचं), २४ डीबी स्लोप. वर ९० ला लो पास (त्यावरचं कापायचं). लिमिटर (कमाल मर्यादा) ६५ व्होल्टला. मोबाइलमधला बेस बूस्ट बंद.

नेने काका: आणि वायर. २० मीटर लांब दीड स्क्वेअरला (चौरस मिमी जाडी) जाऊन-येऊन जवळपास अर्धा ओहम. ४ ओहमवर १ डेसिबल वायरमध्येच जातो. अडीच स्क्वेअर घ्या, किंवा अँप डब्यांच्या मागे ठेवा आणि सिग्नलची वायर लांब ओढा. लाइन मीटररूममधून वेगळी, १६ अँपिअर सॉकेट, अर्थिंग तपासून. गेल्या वर्षीसारखी जिन्याच्या दिव्यातून नाही.

सी-१०३: गेल्या वर्षी ते कोणी केलं होतं, नाव घ्या ना.

नेने काका: ज्याला लागलं त्याला लागलं.

सचिव: २×१२०० वर हरकत असल्यास उद्या संध्याकाळी सातपर्यंत कळवावे. अन्यथा मंजूर.

कुलकर्णी काकू: तो उलटा डबा लावून आधी एकदा संध्याकाळी सहाला वाजवून दाखवा. मी वाट्या मांडून बसते.

ओंकार: चालेल काकू. रविवारी.

पाटील: शिडी सापडली. चौथ्या डब्यामागे.