फोरट्रानच्या आधीचं आणि नंतरचं

पहिला कंपायलर (माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) म्हणजे अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांचा ए-झिरो, १९५२, असं म्हटलं जातं. बरोबर आहे, पण ते आजच्या अर्थाने कंपायलर नव्हतं, आधीच लिहिलेली सबरूटीन्स (प्रोग्रामचे छोटे तयार तुकडे) टेपवरून उचलून एकत्र जोडायचं काम ते करायचं, म्हणजे आपण आता लिंकर-लोडर (तयार तुकडे जोडून मेमरीत चढवणारा प्रोग्राम) म्हणतो त्याच्या जवळचं. त्याच वर्षी मँचेस्टरला ॲलिक ग्लेनीने ऑटोकोड नावाचा कंपायलर केला होता, तो का विसरतात सगळे?

मला खरं भारी वाटतं ते फोरट्रान, म्हणजे आयबीएमची प्रोग्रामिंगची भाषा आणि तिचा कंपायलर. तो बनवणाऱ्या जॉन बॅकसच्या टीमला माहीत होतं की हाताने लिहिलेल्या मशीन कोडपेक्षा कंपायलरने बनवलेला प्रोग्राम हळू चालला तर कुणी हातसुद्धा लावणार नाही, कारण मशीनचा वेळ प्रचंड महाग. आयबीएम ७०४ या संगणकाला इंडेक्स रजिस्टर (यादीतली कुठली नोंद घ्यायची ते धरून ठेवणारी झटपट जागा) फक्त ३, ती कुठे वापरायची हे ठरवायला टीममधल्या लोईस हाइब्ट यांच्या भागात कंपायलर चक्क प्रोग्रामचा फ्लो सिम्युलेट करून कुठला तुकडा किती वेळा चालेल याचा अंदाज काढायचा. १९५७ मध्ये! आज प्रोफाइल (कुठला भाग किती वेळा चालतो याची नोंद) बघून प्रोग्राम ऑप्टिमाइझ, म्हणजे वेगवान, करतात ना, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.