२०१७ची मस्टँग जीटी ऑटोमॅटिक, मुंबईत रोजचा वापर: आधी सस्पेन्शन की आधी पॉवर?

विक्रोळी_कूपे

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ची मस्टँग जीटी, ५.० लिटर व्ही८, ६ स्पीड ऑटोमॅटिक. ४३,००० किमी झालेत. शॉक, स्प्रिंग, बुश सगळं मूळचं. टायर पुढे २५५/४० आर१९, मागे २७५/४० आर१९. रोज विक्रोळी ते बीकेसी, रविवारी पहाटे कोस्टल रोड किंवा अटल सेतू, महिन्यातून एखादी लोणावळा फेरी.

तक्रारी तीन आहेत.

फ्लायओव्हरच्या सांध्यावरून ६०-७०च्या वेगात गेलं की मागची बाजू एकदा खाली बसते आणि वर दोनदा डुलते. ओल्या रस्त्यावर सिग्नलवरून जोरात निघालं की मागून धडधड येते, सीटपर्यंत जाणवते. आणि बोरघाटात एका वळणातून उलट्या वळणात शिरताना गाडीचं वजन इकडून तिकडे जायला उशीर लागतो.

बजेट चार लाख. गॅरेजने दिलेली यादी अशी: ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग, ओपन एअर फिल्टर, ईसीयू ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरची नवी सेटिंग) आणि कॅट-बॅक एक्झॉस्ट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा धुराचा पाइप). गाडी थोडी खाली दिसावी ही हौस मलाही आहे. यादी बरोबर वाटते का?

परळ_पाना

विक्रोळीकर, तुमच्या तिन्ही तक्रारी सस्पेन्शनच्या आहेत आणि यादीतल्या चारपैकी तीन वस्तू इंजिनच्या. उरली स्प्रिंग, तर ती एकटी बसवली की पहिली तक्रार वाढेल.

सांध्यावर गाडी दोनदा डुलते याचा अर्थ शॉक स्प्रिंगची उसळी पहिल्या झटक्यात मारू शकत नाही. त्याच शॉकवर २० टक्के कडक स्प्रिंग टाकली की उसळी अजून जोरात येणार आणि ती आवरणारा शॉक तोच थकलेला. वर गाडी ३० मिमी खाली आली म्हणजे दबायला उरलेली जागा ३० मिमीने गेली. मग खड्ड्यात शॉक मध्येच बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आदळतो, आणि लोक त्याला 'कडक सस्पेन्शन' म्हणतात. ती धडक असते, कडकपणा नव्हे.

हे घरी तपासता येतं. मागच्या शॉकचं धूळ अडवणारं बूट वर सरकवा, दांड्यावर एक बारीक केबल टाय आवळा आणि शॉकच्या नळीला टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्याने ऑफिसला जाऊन या. टाय वर सरकत जाऊन बंप स्टॉपला भिडलेला दिसला, तर आजच तुमच्याकडे शिल्लक प्रवास (शॉकला दबायला जागा) नाही. अशा गाडीला खाली बसवायचा विचारही नको.

आता खाली बसवण्याचं गणित. कागदावर ग्राउंड क्लिअरन्स १३७ मिमी आणि व्हीलबेस २७२० मिमी. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा असतो. तो तुमच्या व्हीलबेसपेक्षा रुंद, म्हणजे चारही चाकं त्याच्या पाठीवर मावतात आणि मध्ये फक्त ५४ मिमी उंचवटा पोटाखाली येतो. ८० मिमीच्या वर जागा राहते, काही त्रास नाही. खरा त्रास सोसायटीच्या गेटवरच्या, फूट-दीड फूट रुंदीच्या, हाताने घातलेल्या डांबराच्या उंचवट्याचा. तो १२ सेंमी असेल तर मूळ उंचीवर रिकाम्या गाडीला १७ मिमी उरतात. चौघं बसले की तेही जातात, तेव्हा तिरकं चढवावं लागतं. ३० मिमी खाली आणल्यावर रिकामी गाडीच घासेल. बेसमेंट पार्किंगच्या उताराचा वरचा काठ हाही तसाच प्रकार. २७२० मिमी व्हीलबेसवर १३७ मिमीला ब्रेकओव्हर कोन (पोट न घासता ओलांडता येणाऱ्या काठाचा कोन) ११.५ अंश येतो, १०७ मिमीला ९ अंश. तुमच्या इमारतीचा उतार मोजून मगच ठरवा.

माझं मत स्पष्ट आहे: मुंबईत रोज चालणाऱ्या या गाडीला मूळ उंचीच ठेवा. हौसच असेल तर १५ मिमीच्या पुढे जाऊ नका.

चांगले मोनोट्यूब शॉक मूळ लांबीचे घ्या. बिल्स्टाइनमध्ये मूळ उंचीसाठी बी६ आणि खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड बी८ अशी विभागणी असते. मूळ स्प्रिंगवर बी८ टाकून मोकळे होऊ नका, प्रवास वाया जातो. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे शॉक-स्प्रिंग) मी इथे सुचवणार नाही. समुद्राची खारट हवा आणि पावसाळ्यातला चिखल यांनी थ्रेडेड कॉलर दोन पावसाळ्यांत जाम होते, मग उंची बदलणं राहतं बाजूला, कॉलर सोडवायला पाना आणि हातोडा लागतो.

दुसरी तक्रार, म्हणजे मागची धडधड, हा व्हील हॉप. मागचं सस्पेन्शन ज्या सबफ्रेमवर बसतं ती गाडीला मऊ रबराच्या मोठ्या बुशवर टांगलेली आहे. टायर पकडतो, सबफ्रेम पिळवटते, टायर सुटतो, सबफ्रेम परत येते, आणि हे सेकंदात कित्येकदा होतं. ओल्या रस्त्यावर पकड-सुट पटापट होते म्हणून तिथे जास्त जाणवतं. इलाज स्वस्त आहे: सबफ्रेमच्या बुशमधल्या पोकळ्या भरणारे इन्सर्ट आणि सबफ्रेम मध्यावर धरून ठेवणारा अलाइनमेंट किट. त्याने तिसऱ्या तक्रारीतही फरक पडतो, कारण वळणात सबफ्रेम थोडी बाजूला सरकते आणि मागची चाकं नको तिकडे बघू लागतात. डिफरन्शियलच्या माउंटला मात्र अगदी सॉलिड बुश घालू नका, ८०ला केबिनमध्ये दात घासल्यासारखा सूर येतो.

जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) सर्वांत शेवटी. एका चाकाचा खड्डा तो दुसऱ्या चाकाला पोचवतो, आणि आपल्याकडे खड्डे एकाच बाजूला असतात.

विक्रोळी_कूपे

पाना, तुम्ही फार बारकाईने लिहिलंत, आभार. उद्याच केबल टाय लावतो. बसवताना गॅरेजवाल्याकडून नेमकं काय करून घ्यायचं? आणि इंजिनकडचं सगळंच सोडायचं का?

परळ_पाना

बसवतानाच्या तीन गोष्टी गाडीजवळ उभं राहून बघा.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकत्र) आहे, नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टने धरलेला. बोल्ट उघडण्याआधी नकल आणि स्ट्रटवर पंचने खूण करून घ्या, नाहीतर कॅम्बर (चाकाचा उभा कल) कुठेही जातो. स्प्रिंग कम्प्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा आवळायचा. टॉप माउंटचं बेअरिंग हाताने फिरवून बघा, खरखर आली की बदला. आत्ता वाचवलेले पैसे नंतर पुन्हा स्ट्रट उतरवण्यात जातात.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कंट्रोल आर्मच्या रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना कधीही शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. लटकलेल्या अवस्थेत आवळलं की गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेलं राहतं. उंची थोडी वर दिसते आणि काही महिन्यांत बुश चिरतो. जॅकने आर्म उचलून चाकावर वजन आल्यासारखी स्थिती आणायची आणि मग टॉर्क रेंच लावायचा.

तिसरी, अलाइनमेंट. रस्त्यासाठी पुढे कॅम्बर उणे १.२ अंशाच्या आसपास, दोन्ही बाजूंत फरक ०.२ पेक्षा कमी, टो (वरून बघता चाकांची दिशा) जवळजवळ शून्य, अगदी किंचित इन (पुढून आत वळलेली). मागे टो-इन ठेवाच, मागचा टो-आउट ओल्या रस्त्यावर गाडी फिरवतो. स्टीअरिंग अँगल सेन्सर शून्य करून घ्या, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टॅबिलिटी कंट्रोल मध्येच ब्रेक धरेल.

इंजिन आणि गिअरबॉक्सचे जाणकार इथे आहेत, त्यांना लिहू दे.

सहावा_गिअर

गिअरबॉक्स ६आर८०, मूळ आराखडा झेडएफच्या ६एचपी२६ वरून घेतलेला. दणकट आहे, पण बीकेसीच्या संध्याकाळी त्याचं तेल शिजतं. गाडी रांगत असताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, आतलं तेल घुसळलं जातं आणि इंजिनची ताकद उष्णतेत जाते. म्हणून पॉवर वाढवण्याआधी तेल बदला. ४३,००० किमी मुंबई ट्रॅफिक हा 'सिव्हिअर' (कठोर) वापर आहे, 'लाइफटाइम फिल' (तेल कधीच बदलायला नको) या शब्दावर विसंबू नका.

तेल मर्कॉन एलव्ही. २०१८ नंतरच्या १० स्पीड गिअरबॉक्सला मर्कॉन यूएलव्ही लागतं, ते पातळ असतं आणि तुमच्या बॉक्सला चालत नाही. डबे दिसायला सारखे, म्हणून स्वतः वाचून घ्या. पॅन उतरवल्यावर साधारण निम्मंच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. तेव्हा एकदा बदलून ५०० किमी चालवा आणि पुन्हा पॅन उतरवा. फिल्टर पहिल्या वेळीच बदला. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लेप आला तर चालतो, बोटाला टोचणारे कण लागले तर थांबून बॉक्स तपासा. वायरिंगचा कनेक्टर जिथे बॉक्समध्ये शिरतो तिथल्या रबरी स्लीव्हमधून गळती होते, पॅन उघडलाच आहे तर तीही बदला. पातळी इंजिन चालू ठेवून आणि तेल पूर्ण तापलेलं असतानाच तपासायची. थंड तेलावर भरून पूर्ण केलेली पातळी तापल्यावर जास्त होते.

आता ट्यून. सगळ्यांत मोठी चूक पेट्रोलच्या आकड्यात होते. अमेरिकन ट्यूनवर '९३ ऑक्टेन' लिहिलेलं असतं ते एकेआय, आपल्याकडचा आकडा आरओएन; ऑक्टेन मोजायच्या या दोन वेगळ्या पद्धती. त्यांचं ९३ म्हणजे आपलं जवळपास ९७-९८. आपलं ९१ म्हणजे त्यांचं ८७. तो ट्यून टाकून साधं पेट्रोल भरलं की नॉक सेन्सर टायमिंग मागे खेचत राहतो आणि गाडी मूळपेक्षा मंद होते. ९५, ९९ किंवा १०० ऑक्टेन तुमच्या मार्गावरच्या पंपावर नेहमी मिळतं का, हे आधी बघा. शिवाय आता पंपावर ई२० आहे, तेव्हा ट्यून करणाऱ्याला फ्युएल ट्रिमचे (इंजिन पेट्रोल किती कमी-जास्त करतं याचे) लॉग द्या आणि इथल्याच पेट्रोलवर जुळवून घ्या.

गिअरबॉक्सच्या ट्यूनमध्ये मात्र खरी मजा आहे. शिफ्टचा वेळ आणि कन्व्हर्टर लॉक होण्याचा वेग बदलला की हीच गाडी जागी होते. लाइन प्रेशर (बॉक्समधला तेलाचा दाब) एकदम वर नेऊ नका, हळू चालवताना पहिला ते दुसरा गिअर धक्क्याने पडेल.

ओपन फिल्टर इथे नको. जुलैत हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात फिल्टर खाली उघडा असणं म्हणजे इंजिनात पाणी, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ डब्यात कोरडा पॅनेल फिल्टर घाला. तेल लावलेला फिल्टर जास्त तेलाने मास एअर फ्लो सेन्सर खराब करतो.

अटल_सेतू_पहाट

ब्रेकचा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. मुंबईची दमट हवा ब्रेक ऑइलला फार लवकर पाणी पाजते. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शिरल्यावर तीच किमान मर्यादा १५५ वर येते. लोणावळ्याहून घाट उतरताना पेडल मऊ होतं ते यामुळे. दरवर्षी बदला, काम एका तासाचं आहे.

ऑटोमॅटिकवाल्यांची एक खास सवय महागात पडते. जोरात ब्रेक मारून सिग्नलला थांबायचं आणि 'डी'मध्ये पाय ब्रेकवर दाबून ठेवायचा. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी आपला थर सोडतो, आणि मग ८०ला ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरतं. लोक डिस्क वाकली म्हणून नवी घेतात. घाट उतरल्यावर पहिल्या थांब्याला 'एन' करा, सपाटी असेल तर पाय सोडा.

टायर किती जुने आहेत? बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मूळचेच असतील तर नऊ-दहा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर लाकूडच. मग ती धडधड निम्मी टायरचीसुद्धा असू शकते. चार लाखांतला पहिला खर्च हाच.

कांदिवली_कागद

एक्झॉस्टबद्दल. नॅचरली अॅस्पिरेटेड (टर्बो नसलेल्या) व्ही८वर कॅट-बॅकने पॉवर नावालाच वाढते, वाढतो तो आवाज. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए(४)मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढणं तर विसराच. शॉक-स्प्रिंगचे बदलही विमा कंपनीला लेखी कळवा, अपघातानंतर सर्व्हेयर गाडीखाली वाकून बघतो.

विक्रोळी_कूपे

टायरवर ०९१७ आहे, म्हणजे मूळचेच. मग टायर, शॉक, सबफ्रेमचे इन्सर्ट, गिअरबॉक्स तेल, ब्रेक ऑइल. एक्झॉस्ट, ओपन फिल्टर आणि खाली बसवणं रद्द, गिअरबॉक्स ट्यून नंतर. शॉक आणि इन्सर्ट एकाच दिवशी करायचे की वेगळे?

परळ_पाना

टायर आधी, आठवडाभर चालवून बघा धडधड किती उरते. मग शॉक आणि इन्सर्ट एकाच दिवशी, कारण सबफ्रेम सैल केली की मागची अलाइनमेंट हललीच, दोनदा पैसे कशाला. सबफ्रेम पूर्ण उतरवायची गरज नाही, खाली जॅक धरून एका वेळी एक कोपरा सैल करा आणि इन्सर्ट सरकवा. ब्रेकच्या लवचीक नळ्या ताणल्या जात नाहीत ना, त्याकडे लक्ष ठेवा. चाकं लावताना लग नट २०४ न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने, इम्पॅक्ट गनने नको. १०० किमीनंतर गाडी थंड असताना पुन्हा एकदा तपासा.